‘अमिगा’ची वहिवाट : एका संगणकप्रणालीच्या कज्ज्याचा इतिहास

वतनी कागदांचीं दफ्तरें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आलेली असते. गांवकीच्या भांडणांत जमिनीइतकाच, किंबहुना जमिनीहून अधिक, कज्जा नांवाचा आणि मानाचा असतो. शेत कसतो एक, सनदेंत नांव दुसऱ्याचें, शिक्का तिसऱ्याच्या कोनाड्यांत, आणि होळीच्या पोळीचा मान चौथा मागतो. पिढ्या उलटतात, राज्यें बदलतात, शेत नापीक होतें, तरी महजर व निवाडपत्रें यांचा ओघ आटत नाहीं. असले कागद वाचण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे. म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां संगणकाच्या धंद्यांत स्थिरावला आहे, अमेरिकेंतील एका न्यायालयाच्या कामकाजाचे कागद आमच्यापुढें ठेवून ‘सर, हे तुम्हांला तुमच्या दफ्तरांतलेच वाटतील’ असें म्हटलें, तेव्हां आम्हांस हंसूं आलें. कागद वाचून झाल्यावर तें हंसूं राहिलें नाहीं.

कज्जा आहे ‘अमिगा’ नांवाच्या संगणकाचा. खरें पाहतां संगणकाचाही नव्हे, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. ही सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. पडद्यावर काय दिसावें, स्मरणांतील जागा कोणास किती मिळावी, दोन कामें एकाच वेळीं आलीं तर कोणास आधीं वाट द्यावी, हें सर्व तो ठरवितो. कारभारी हुशार असेल तर साधें यंत्रही मोठीं कामें करतें. अमिगाचा कारभारी फार हुशार होता, आणि पुढचें सर्व भांडण त्याच्यापायींच झालें.

या यंत्राचा जन्मच मुळीं कज्ज्यांत झाला. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा येथें एक लहानशी कंपनी निघाली. तिच्या यंत्राचा शिल्पकार जे मायनर नांवाचा अभियंता. स्पॅनिश भाषेंत ‘अमिगा’ म्हणजे मैत्रीण. नांव गोड, शिवाय टेलिफोनच्या यादींत ‘ॲपल’ आणि ‘अटारी’ यांच्या आधीं येणारें. परंतु यंत्र पुरें होण्याआधींच पैसा संपला, आणि कंपनीनें अटारीकडून पांच लाख डॉलर उसने घेतले. अट अशी कीं, १९८४ च्या जूनअखेर रक्कम न फिटल्यास यंत्राच्या गाभ्यांतील चकत्यांवर अटारीचा हक्क लागावा. सावकारीची ही रीत आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्यास समजावून सांगावी लागणार नाहीं. मुदत भरतां भरतां कमोडोर ही बडी कंपनी पुढें आली, अटारीचे पैसे परत गेले आणि अमिगा कमोडोरच्या घरीं गेली. मौज अशी कीं, कमोडोरचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल त्याच वर्षाच्या आरंभीं स्वतःच्या कंपनींतून बाहेर पडला होता, आणि जुलै महिन्यांत त्यानें अटारीचाच घरगुती संगणकांचा व खेळांचा विभाग विकत घेतला. जुन्या हिशेबांत त्यास तो फिटलेल्या कर्जाचा कागद सांपडला. ऑगस्टमध्यें त्यानें फिर्याद ठोकली. हें प्रकरण १९८७ सालीं आपसांत मिटलें. तोंपर्यंत यंत्र बाजारांत येऊन दोन वर्षें होत आलीं होतीं.

२३ जुलै १९८५ रोजीं न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्यें अमिगाचें पहिलें दर्शन झालें. अँडी वॉरहॉल या नामांकित चित्रकारानें सभेसमोर त्या यंत्रावर गायिका डेबी हॅरीचें चित्र रंगविलें. किंमत पडद्याविना १,२९५ डॉलर. एवढ्या किमतीच्या घरगुती यंत्रांत अनेक कामें खरोखर एकसमयावच्छेदेंकरून चालविणारा कारभारी असणें ही त्या काळीं अपूर्वाईची गोष्ट होती. या कारभाराचें हृदय, ज्यास ‘एक्झेक’ म्हणत, तें कार्ल सासेनराथ यानें लिहिलें. खिडक्या व चित्रें यांची व्यवस्था आर. जे. मिकल यानें. तिसरा भाग, म्हणजे फायलींची देखभाल, वेळेवर तयार होईना. तेव्हां ब्रिस्टलच्या मेटाकॉमको कंपनीकडून केंब्रिज विद्यापीठांत जन्मलेली ‘ट्रायपॉस’ नांवाची प्रणाली परवान्यानें घेऊन ती त्यांत बसविण्यांत आली. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्या घराच्या मालकीवरून पुढें इतकें रण माजलें, त्या घराची एक भिंत पहिल्या दिवसापासून परक्या विटांची होती.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हें यंत्र बिघडून थबकलें म्हणजे पडद्यावर तांबड्या चौकटींत ‘गुरू मेडिटेशन’ असे शब्द उमटत. अभियंत्यांपाशीं पायांखालीं ठेवून खेळावयाची एक फळी होती. काम अडलें म्हणजे ते तिच्यावर मांडी घालून, तिळभरही न हलतां बसण्याचा प्रयत्न करीत, त्यावरून हा विनोद निघाला असें सांगतात. आमच्याकडील एका शब्दास दूरदेशीं असेंही एक काम मिळालें. विनोदाबरोबर कडवटपणाही होता. सिस्टिमच्या एका आवृत्तींत प्रोग्रॅमरांनीं एक गुप्त मजकूर दडवून ठेविला होता. कांहीं विशिष्ट कळा एकदम दाबल्या कीं तो दिसे, आणि त्याचा अर्थ, सभ्य भाषेंत सांगावयाचा तर, ‘अमिगा आम्हीं घडविली, तिचें वाटोळें त्यांनीं केलें’ असा होता. पुढें तो बदलण्यांत आला. परंतु ‘आम्हीं’ आणि ‘त्यांनीं’ यांमधील ही भेग पुढेंही बुजली नाहीं.

२९ एप्रिल १९९४ रोजीं कमोडोरनें दिवाळें जाहीर केलें. दिवाळखोराच्या घरचीं भांडीं-कुंडीं लिलांवांत जातात तेव्हां कोणीं काय नेलें तें डोळ्यांस दिसतें. ऑपरेटिंग सिस्टिमचें तसें नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें ती एक वस्तूच नव्हे, तर चार निरनिराळ्या हक्कांची मोळी असते. लिहिलेल्या मजकुरावरील लेखकाचा हक्क एक; त्यांतील युक्त्यांवरील पेटंट दुसरें; बाजारांत ज्या नांवानें ती ओळखली जाते तें व्यापारचिन्ह तिसरें; आणि आजवर दुसऱ्यांस दिलेले किंवा दुसऱ्यांकडून घेतलेले परवाने चौथे. मोळीची दोरी शाबूत आहे तोंवर ही फोड कोणास सुचतही नाहीं. मालक बुडाला कीं दोरी सुटते.

ती कशी सुटली तें थोडक्यांत सांगतों, कारण या मधल्या वर्षांत यादीपलीकडे सांगण्याजोगें फारसें नाहीं. १९९५ सालीं एस्कॉम या जर्मन कंपनीनें सारी मालमत्ता घेतली आणि कमोडोर व अमिगा हीं नांवें वेगळीं काढलीं. पुढच्याच वर्षीं जुलैंत एस्कॉमही बुडाली. कमोडोर हें नांव १९९७ सालीं हॉलंडांत ट्युलिप कंपनीकडे गेलें. अमिगा त्याच वर्षीं अमेरिकेंतील गेटवेकडे आली. आपल्या खोक्यांवर गाईच्या अंगावरील काळे-पांढरे ठिपके छापणारी ती ही कंपनी. तिला पेटंटें हवीं होतीं असें दिसतें. कारण १९९९ च्या अखेरीस तिनें नांव व प्रणालीचे हक्क अमिनो नांवाच्या एका लहान कंपनीस दिले आणि पेटंटें मात्र स्वतःपाशीं ठेविलीं. अमिनोनें तत्काळ स्वतःचें नांव ‘अमिगा इन्कॉर्पोरेटेड’ असें करून घेतलें. दत्तक विधान झालें आणि दत्तकानें घराण्याचें नांव लाविलें. खजिना तेवढा पहिल्या घरीं राहिला.

या नव्या अमिगा कंपनीचें मन जुन्या प्रणालींत नव्हतेंच. सर्व प्रकारच्या यंत्रांवर चालेल अशा एका निराळ्याच कल्पनेवर तिची भिस्त होती. पण जुन्या प्रणालीचे निष्ठावंत उपासक जर्मनींत, इंग्लंडांत, इटलींत, स्कँडिनेव्हियांत विखुरलेले होते, आणि ते ‘आमचें पुढें काय?’ असा धोशा लावून बसले होते. त्यांचें समाधान करावें, पण खर्च आपल्या अंगावर पडूं नये, या विचारांतून ३ नोव्हेंबर २००१ रोजीं एक त्रिपक्षीय करारनामा झाला. एका बाजूस अमिगा कंपनी, दुसरीकडे खेळांचे प्रोग्रॅम अमिगावर उतरविणारी बेल्जियमची हायपेरियन आणि नवें यंत्र बनवूं पाहणारी इंग्लंडची आयटेक.

हा करारनामा आम्हीं दोनदां वाचला. एखादें जुनें कर्जखत वाचावें तसा तो वाचला पाहिजे. जुन्या प्रणालीची ३.१ ही आवृत्ति घेऊन हायपेरियननें ती पॉवरपीसी या नव्या जातीच्या चकत्यांसाठीं स्वखर्चानें पुन्हां लिहावी. तिला ‘अमिगा ओएस ४’ म्हणावें. काम झाल्यावर अमिगा कंपनीस पंचवीस हजार डॉलर देऊन तो मजकूर स्वतःकडे घेतां येईल. म्हणजे श्रम एकाचे, नांव दुसऱ्याचें, आणि वर्षानुवर्षांच्या श्रमांचें मोल पंचवीस हजार! हायपेरियननें असल्या अटीवर सही कां केली? याचें उत्तर दुसऱ्या एका कलमांत आहे. काम पुरें होण्याआधीं अमिगा कंपनी दिवाळखोर किंवा नादार झाली, तर ३.१ या आवृत्तीपासून ओएस ४ घडविण्याचा, विकण्याचा आणि वापरण्याचा कायमचा हक्क दोन्ही भागीदारांस मिळेल, असें तें कलम होतें. दोन मालक डोळ्यांदेखत बुडालेले ज्यांनीं पाहिले त्यांनीं या चौथ्या मालकाच्या बुडण्याची सोय आधींच करून ठेविली, यांत नवल नाहीं. परंतु या कलमाचा परिणाम असा झाला कीं, एका पक्षाच्या दारिद्र्यावर दुसऱ्या पक्षाचें भाग्य टांगलें गेलें.

दारिद्र्य येण्यास वेळ लागला नाहीं. अमिगा कंपनीची स्थिति ओढगस्तीची झाली. २००३ सालीं तिचे हक्क मधल्या एका कंपनीमार्फत फिरूं लागले, २००४ सालीं ते के.एम.ओ.एस. या कंपनीकडे आल्याचें जाहीर झालें, आणि या तिसऱ्या कंपनीनें २००५ सालीं आपलें नांव बदललें. तें काय ठेविलें असेल? ‘अमिगा इन्कॉर्पोरेटेड’! एक वॉशिंग्टन संस्थानांत नोंदलेली, दुसरी डेलावेअर संस्थानांत. नांव अक्षरशः एकच. भावी इतिहासकाराचा घोटाळा व्हावा म्हणून मुद्दाम केलें असतें तरी याहून चांगलें साधलें नसतें. आमच्या दफ्तरांतही एकाच नांवाचे आजोबा-नातू पुष्कळ सांपडतात. पण तेथें निदान बापाचें नांव मध्यें असतें.

इकडे हायपेरियनचे लोक लिहीत होते. पोटापाण्याचा उद्योग संभाळून रात्रीं-बेरात्रीं लिहिणारे त्यांत कितीतरी. २००४ सालीं कच्ची आवृत्ति निघाली. डिसेंबर २००६ मध्यें ओएस ४.० पुरी झाली. आणि एप्रिल २००७ मध्यें अमिगा कंपनीनें, म्हणजे डेलावेअरच्या अमिगानें, सिअॅटल येथील संयुक्त संस्थानांच्या जिल्हा न्यायालयांत हायपेरियनवर फिर्याद दाखल केली. पंचवीस हजार डॉलर पोंचले आहेत, मजकूर आमच्या स्वाधीन करा आणि आमचें नांव वापरणें बंद करा, अशी मागणी.

हायपेरियनचें म्हणणें थोडक्यांत असें : पैसे पुरे पोंचले हेंच आम्हांस मान्य नाहीं. ज्या कंपनीशीं आम्हीं करार केला ती तुम्ही नव्हे. आमच्या संमतीवांचून तुम्ही तिच्या जागीं येऊन बसलां. आणि ती मूळ कंपनी तर केव्हांच नादार झाली होती, तेव्हां कलमाप्रमाणें हक्क आमचे झाले. न्यायमूर्ति रिकार्डो मार्टिनेझ यांच्यापुढें अशा रीतीनें एक विलक्षण देखावा उभा राहिला. मालक म्हणविणारा ‘आम्ही भिकारी झालों नव्हतों’ असें सांगतो आहे, आणि प्रतिवादी त्याच्या भिकारीपणाचे पुरावे गोळा करतो आहे. प्रणाली चांगली कीं वाईट, ती कोणीं लिहिली, कोणाच्या किती रात्री त्यांत गेल्या, यांचा उल्लेख ओघानें आला तेवढाच. न्यायासनास त्याहून अधिक करतां येत नव्हतें; तेथें करारनामा बोलतो. तूर्तातूर्त मनाई हुकूम मात्र न्यायमूर्तींनीं दिला नाहीं, आणि हायपेरियनचें काम चालू राहिलें.

याच सुमारास फिर्यादी कंपनीनें एक हौसही केली. सिअॅटलजवळच्या केंट शहरांत बांधल्या जाणाऱ्या क्रीडागृहास पैसे देऊन ‘अमिगा’ हें नांव द्यावयाचें २००७ सालीं ठरलें. ठरलेले पैसे आले नाहींत, आणि २००९ च्या आरंभीं तें क्रीडागृह दुसऱ्याच कंपनीच्या नांवानें उघडलें. आम्हांस हा प्रसंग साऱ्या खटल्याहून बोलका वाटतो. जें नांव इमारतीवर लावण्याइतकें ऐपतदार नव्हतें, तेंच नांव पडद्याच्या कोपऱ्यांतून पुसून टाकावें म्हणून तेथून जवळच्याच न्यायालयांत वकील झगडत होते.

३० सप्टेंबर २००९ रोजीं तडजोड झाली. ३.१ च्या मजकुरावरून ओएस ४ व त्यापुढील आवृत्त्या काढण्याचा, त्या ‘अमिगा ओएस’ या नांवानें विकण्याचा अनन्य, कायमचा व जगभरचा हक्क हायपेरियनला मिळाला. ‘अमिगा’ हें मूळ चिन्ह कंपनीकडेच राहिलें. वरवर पाहतां हा कसणाऱ्याचा जय होता, आणि उपासकांनीं तो तसाच साजरा केला. आमचें मत इतकें उत्साही नाहीं. दोन अक्षरांची शेपूट जोडलेलें नांव एकाचें आणि बिनशेपटीचें दुसऱ्याचें, अशी वाटणी ज्यांनीं केली त्यांनीं बांध घातला नाहीं, फक्त बांधाची जागा बदलली.

वर्ष झालें नाहीं तोंच त्याचें प्रत्यंतर आलें. २०१० सालीं ‘अमिगा’ हें नांव यंत्रांवर लावण्याचा परवाना कमोडोर यूएसए नांवाच्या एका नव्याच कंपनीस मिळाला. हिचा जुन्या कमोडोरशीं नांवापलीकडे संबंध नव्हता. हायपेरियननें हरकत घेतली. तरी २०१२ सालीं ‘अमिगा मिनी’ या नांवाचें यंत्र विक्रीस आलें. त्याच्या आंत अमिगाच्या चकत्या नव्हत्या आणि अमिगाची प्रणालीही नव्हती. कारभार लिनक्सकडे होता. नांव आणि वस्तु यांची ताटातूट तेव्हां पुरी झाली.

आतां त्या उपासकांविषयीं. या सर्व खटाटोपांत खरी हानि त्यांची झाली, आणि ती पैशांत मोजतां येत नाहीं. मालक बदलत असतां कंटाळून कांहींनीं मॉर्फओएस नांवाची निराळी प्रणाली उभारली. तिचे अनुयायी ‘निळे’ आणि ओएस ४ चे ‘तांबडे’ म्हणविले जाऊं लागले. दोघांचें दैवत एक, दोघांच्या आठवणी एक, आणि तरी एका पंगतीस बसण्याची पंचाईत. ज्यासाठीं प्रोग्रॅम लिहावा असा समुदाय मुळांतच लहान. तो दुभंगल्यावर लिहिणाऱ्यास कोणत्याही एका बाजूस पुरेसें गिऱ्हाईक उरेना. तिसरा मार्ग कांहीं मंडळींनीं १९९५ सालींच धरला होता. ‘अरॉस’ या त्यांच्या प्रणालींत जुन्या मजकुराची एक ओळही न घेतां, केवळ जुनी प्रणाली बाहेरून कशी वागे तें पाहून, तिच्यासारखें वागणारें सारें नव्यानें लिहावयाचें आणि तें सर्वांस मोकळें ठेवावयाचें असा संकल्प होता. लेखकाचा हक्क शब्दांवर चालतो, वागणुकीवर नाहीं, हें त्यांनीं नेमकें हेरलें. काम अतिशय सावकाश चाललें, पण त्यांच्या दारीं बेलिफ कधीं आला नाहीं. आम्ही त्यांच्या जागीं असतों तर एवढा धीर धरला असता असें छातीस हात लावून म्हणवत नाहीं.

कज्जा मात्र तडजोडीनंतरही सरला नाहीं. जुनी अमिगा आधुनिक यंत्रांवर हुबेहूब चालवून दाखविणारें ‘अमिगा फॉरएव्हर’ हें पॅकेज १९९७ पासून विकणारी क्लोआंटो नांवाची कंपनी आहे. कमोडोरच्या काळांतील मजकुरावरील लेखकाचे हक्क मधल्या काळांत तिनें मिळविले. म्हणजे जुनी वास्तु एकाकडे आणि तीवर नवा मजला चढविण्याचा परवाना दुसऱ्याकडे. प्रश्न उरला तो जुन्या वास्तूची डागडुजी कोणीं करावी हा. २००९ च्या कागदानें नव्या मजल्याचा हक्क दिला, पण तळमजल्याचें काय? या व अशा मुद्द्यांवर डिसेंबर २०१७ मध्यें क्लोआंटोनें अमेरिकेंत हायपेरियनवर फिर्याद केली. पुढच्या वर्षीं प्रकरण पुन्हां वॉशिंग्टन संस्थानांतील न्यायालयांतच आलें. २०१९ सालीं ‘अमिगा’ हीं व्यापारचिन्हें क्लोआंटोच्याच प्रमुखानें काढलेल्या एका नव्या कंपनीकडे गेलीं. तिनें धारण केलेलें नांव ‘अमिगा कॉर्पोरेशन’.

त्या आधींच्या शरद ऋतूंत, म्हणजे २०१८ सालीं, हायपेरियननें ३.१.४ ही आवृत्ति काढली होती. ती नव्या पॉवरपीसी यंत्रांसाठीं नव्हती. १९८५ ते १९९४ या नऊ वर्षांत कमोडोरनें विकलेल्या जुन्या यंत्रांसाठीं होती. जुन्या जाणकारांनीं बसून पाव शतक राहिलेल्या चुका एकेक करून काढल्या, मोठ्या तबकड्या ओळखण्याची सोय केली. फिर्यादीचे कागद तिकडे चालू असतां, माळ्यावरून उतरविलेल्या अमिगा ५०० सारख्या यंत्रांत लोकांनीं ती नवी चकती बसविली, आणि यंत्रें सुरू झालीं. आमच्या त्या विद्यार्थ्यानें असें एक यंत्र पैदा केलें आहे. गेल्या दिवाळींत तो तें आम्हांस दाखवावयास घेऊन आला होता. खिडकी उघडली, तिच्या मागें दुसरी उघडली, दोहोंतील कामें बरोबर चाललीं. आम्हीं त्यास विचारलें कीं, बाबा रे, कायद्यानें हें आतां कोणाचें? तो हंसला आणि म्हणाला, ‘सर, तें सिअॅटलला विचारावें लागेल.’ मग त्यानें आमच्या नातवास खेळ लावून दिला.